दारू काढा, बाकी ठेवा

आमच्या घरात दोन कारखाने आहेत, असं माझा दीर म्हणायचा. एक त्याचा, बंद पडलेला. दुसरा माझा, बंदच न पडणारा. "वयनीच्या कारखान्यात कामगार एकच," आल्यागेल्याला तो सांगे, "संप करतलो कोण?" माणसं हसत. मला हसू येत नसे. पत्र्याच्या ट्रंकेवर कागद ठेवून मी लिहीत असे आणि मनात म्हणत असे, हा माणूस एकदाचा जाणार कधी?

हे एवढं वाक्य कागदावर यायला इतकी वर्षं गेली. दुसऱ्यांची मनोगतं मी ढिगाने लिहिली. फाटक्या छत्रीचं, म्हाताऱ्या बैलाचं, बंद पडलेल्या घड्याळाचंसुद्धा. स्वतःचं लिहायला बसले की कामं आठवायची, आणि कामं माझ्याकडे कायम असायची.

आम्ही तेव्हा भांडुपला राहत होतो. चाळीत पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर. नवरा सरकारी कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब, म्हणजे भांडण दिसलं की पिशवी घेऊन बाजारात जाणारा. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिराची बायको लवकर वारली, तेव्हापासून त्याची मुलगी आमच्याकडेच होती, शाळेसाठी. मला काकी म्हणायची. तिच्या वेण्या मी घालायचे, पालकसभेला मी जायचे. दीर लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहून गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा आणि रविवारी येऊन मुलीला बघून जायचा. रविवारपुरता तो मला आवडायचा.

मग गिरण्यांचा संप झाला. मिटेल मिटेल म्हणता मिटला नाही. गाववाल्यांची खोली एकेक करून रिकामी झाली आणि एक दिवस दीर ट्रंक घेऊन आमच्या दारात उभा राहिला. पुढच्या खोलीतली खाट त्याची झाली. ती माझी लिहायची जागा होती. मी स्वयंपाकघरात गेले.

त्या काळी फ्रीलान्स हा शब्द आमच्या चाळीत कोणी ऐकलेला नव्हता. शेजारीण विचारायची, "म्हणजे घरीच असता ना?" घरीच असायचे. एका साप्ताहिकाला गृहिणींच्या प्रश्नांची उत्तरं लिहायचे. पुष्कळदा प्रश्नही मीच लिहायचे. रेडिओच्या बायकांच्या कार्यक्रमाला छोट्या श्रुतिका द्यायचे. मासिकात क्रमशः कथा चालू असायची, जिच्यातली नायिका पुढच्या महिन्यात काय करणार हे मला संपादकाचा माणूस दारात येईपर्यंत ठाऊक नसायचं. त्यात उन्हाळ्यापासूनच दिवाळी अंकांची पत्रं सुरू. एक काम वेळेवर दिलं की दुसरं उशिरा व्हायचं, आणि उशीर झालेल्या संपादकाला मी दर वेळी घरात आजारपण आहे असं कळवायचे. कागदोपत्री माझा नवरा कायम तापाने फणफणलेला असे.

आणि शिकणं. घाटकोपरला फरसाणाच्या दुकानावर टायपिंगचा क्लास होता, तिथे माझ्या निम्म्या वयाच्या मुलींत बसून मी मराठी टायपिंग शिकले, कारण हाताने लिहिलेलं घ्यायला कंपोझिटर कुरकुर करू लागले होते. त्याच दुकानाच्या पाट्या वाचत गुजराती लिपी शिकले आणि मसाल्यांच्या, मलमांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं मिळवली. शाळेचा अभ्यासक्रम बदलला की पहिलीपासूनची पुस्तकं पुन्हा वाचायची. दीर खाटेवरून बघत असे. "अजून शिकताय, वयनी? पास कधी होणार?"

तो रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचा. दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खाटेवर बसून राहायचा. जायचं कुठेच नसायचं. ते पाहून दुसऱ्या कोणाला दया आली असती. मला राग यायचा. त्याचा आवाज मोठा, चहा मागितला तरी चाळभर ऐकू जाणारा. जन्म साच्यांच्या खडखडाटात गेलेला. माझं वाक्य जुळत आलेलं असायचं आणि तिकडून हाक यायची.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात नवऱ्याला अगदी हळू म्हटलं, अजून किती दिवस ठेवायचं ह्यांना? दीर समोरच्या गॅलरीत उभा होता, मध्ये अंगण, कोणाच्या तरी घरात रेडिओ चालू. ऐकू जायची शक्यताच नव्हती. जेवताना तो भाताकडे बघत म्हणाला, "किती दिवस ता माका पण म्हायत नाय, वयनी. कळला की सांगतंय." नवऱ्याने ताटातली आमटी संपवली आणि तो पिशवी शोधू लागला.

मग दिरानेच मुलीला समजावून सांगितलं. साचे चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी काही पोचत नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलतात. आवाज न काढता. दोन रांगा पलीकडचा माणूस घरच्या कटकटी सांगतो, हा वाचतो, हसतो. मुकादमाला शिव्यासुद्धा तशाच द्यायच्या, पाठ वळली की. मुलीला फार गंमत वाटली. ती दोन दिवस बापाशी बिनआवाजाची बोलत होती. मी दाराला पडदा लावला.

निबंधांच्या गाइडचं काम त्याच उन्हाळ्यात आलं. गिरगावातले एक प्रकाशक, शाळा उघडायच्या आत पुस्तक दुकानात हवं होतं. एकरकमी पैसे घ्या किंवा रॉयल्टी घ्या, म्हणाले. एकरकमी घेतले असते तर घरात बरंच काही आलं असतं. मी रॉयल्टी घेतली. नवरा पहिल्यांदाच ठाम बोलला. म्हणाला, गाइड म्हणजे माड. एकदा लावला की आपण झोपलेले असलो तरी नारळ पडतात. मला ते फार पटलं होतं. आठवड्याच्या आठवड्याला नवा मजकूर विहिरीतून शेंदून काढण्याचा मला कंटाळा आला होता. एक तरी माड हवा होता. दिराने खाटेवरून विचारलं, काम न करता पैसे येणार? मी म्हटलं, काम एकदा करायचं, पैसे दरवर्षी. तो म्हणाला, "ह्येका मालक म्हणतत." आणि कूस वळवली.

त्याच माणसाने मला त्या पुस्तकातला सगळ्यात चांगला निबंध दिला. संपावरील गिरणी कामगाराचं मनोगत हा विषय त्या वर्षी घालायलाच हवा होता. परीक्षेत येणार असं सगळे मास्तर धरून चालले होते. मुदत संपत आली होती आणि मला गिरणी आतून माहीत नव्हती. मी दिरापुढे चहा ठेवला आणि विचारलं. तो आला होता तेव्हापासून आम्ही एकमेकांशी टोमण्याशिवाय बोललो नव्हतो. त्या दुपारी तो बोलतच राहिला. केसांत, भुवयांत बसणारा कापूस. गावी गेला की बायको अंगणात उभं करून त्याचं डोकं झाडायची, आणि पिंजलेला कापूस उडाला की कोंबड्या धावायच्या. साचे बंद झाल्यावर कानांत जी शांतता बसते ती कशी असते. ओठांनी बोलण्याचंही सांगितलं. बोलताना तो हळू बोलत होता, हे मला नंतर जाणवलं. मी वर्तमानपत्राच्या कडांवर लिहून घेत होते.

मनोगताचं शाळेत एक ठरलेलं असतं. सुरुवातीला "मी अमुक बोलतोय" आणि शेवटी बोध. प्रकाशकांनी मसुदा वाचून सांगितलं, छान उतरलंय, पण बोध नाही. नुसता संप लिहिला तर शाळा हात लावणार नाहीत. ओठांनी बोलण्याचं काढा, ते परीक्षकाला खोटं वाटेल. आणि कामगाराची स्वतःची काहीतरी चूक दाखवा.

चूक कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी निवडलं. त्या प्रकाशकांवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही. दारू मी घातली. शेवटच्या परिच्छेदात माझा कामगार रिकाम्या हातांनी गुत्त्याकडे वळू लागला आणि त्याची मुलगी शाळेतून घरी यायला घाबरू लागली. "विद्यार्थी मित्रांनो, माझ्यासारखी चूक करू नका." दहा मिनिटांत लिहून झालं. दारूचं वाक्य नेहमीच लवकर लिहून होतं.

माझे सासरे दारूने गेले होते. दीर तेव्हा लहान होता; बापाला रस्त्यावरून उचलून आणायला त्यालाच पाठवायचे. त्याने जन्मात थेंब घेतला नाही. गिरणीतल्या मित्रांच्या लग्नातसुद्धा नाही. हे मला माहीत होतं, लिहितानाही माहीत होतं.

गाइडवर माझं नाव नव्हतं. "अनुभवी शिक्षकांच्या मंडळाने लिहिलेले" असं होतं. ते मंडळ मी एकटीच. पुस्तक चाललं. पुढच्या वर्षी पुन्हा छापलं. पहिला नारळ पडला तेव्हा नवऱ्याने पंखा आणला. घरी आलेल्या प्रती मी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात बांधून वर टाकल्या आणि दिराने कधी विचारलं तर अजून छापायचंय असं सांगायचं ठरवलं. त्याने विचारलं नाही. पण मुलगी दहावीत गेली, आणि तिच्या बाईंनी वर्गात तेच गाइड घ्यायला लावलं. गिरणी कामगाराच्या मनोगतावर बाईंनी महत्त्वाचं म्हणून लाल पेनने खूण करून दिली होती. पाठच करा.

श्रावणातली संध्याकाळ होती. दीर खाटेवर बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होता. ते काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. मुलगी समोर उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली आणि मोठ्याने सुरू झाली, "मी एक गिरणी कामगार बोलतोय." मी स्वयंपाकघरातून ओरडले, मोठ्याने नको, मला सकाळी मजकूर द्यायचाय, मनात वाच. ती शहाणी मुलगी. लगेच मनात वाचू लागली.

मनात वाचताना तिचे ओठ हलायचे. लहानपणापासूनची सवय.

मला सुचलंच नाही. निबंधातून काढून टाकलेली गोष्ट माझ्या डोक्यातूनही गेली होती. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं तेव्हा दिराचे हात थांबले होते. वाल पाण्यात तसाच धरलेला. तो मुलीच्या तोंडाकडे बघत होता, आधी थोडा हसत, ती कोंबड्यांच्या ओळीशी आली असणार. मग हसू गेलं. मुलीचे डोळे पुस्तकात. ती शेवटावर आली, आणि तिच्या हलत्या ओठांबरोबर तो मोठ्याने बोलू लागला, त्याच्या त्या गिरणीच्या आवाजात, एकेक शब्द.

"माझे पाय आपोआप गुत्त्याकडे वळू लागले. माझी मुलगी घरी यायला घाबरू लागली."

मुलीने वर पाहिलं. मी पडदा बाजूला केला, करावाच लागला.

"वयनी, ह्यो कोण?"

मी म्हटलं, निबंध आहे, भावोजी. कोणीही असेल.

"कोणीही? ह्याच्या डोक्यातलो कापूस माझो आसा. कोंबड्यो माझ्यो." तो उठला नाही. "शेवट कोणाचो?"

मी शाळा, बोध, प्रकाशक असं काहीबाही बोलत राहिले. तो माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होता, जणू आवाजावर त्याचा विश्वास नव्हता. मग मुलीसमोरच म्हणाला, "दारू काढा. बाकी ठेवा. बाकीचा मी दिलंय तुमका."

पुढच्या आवृत्तीत काढते, असं मी कबूल केलं. त्याने वाल पुढे सोलायला घेतले.

मी प्रकाशकांना विचारलंच नाही. पत्र नाही, भेट नाही, फोन नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की रॉयल्टी जाईल ह्या भीतीने विचारलं नाही; माड हलवला तर प्रकाशक दुसऱ्या कोणाकडून तरी नवा लावून घेतील. भीती होतीच. पण खरी गोष्ट ती नव्हे. त्या संध्याकाळपासून दीर मुलीच्या समोर बसायचा बंद झाला होता. ती अभ्यासाला आली की बाहेर जायचा. मी ते बघत होते. दारू पुस्तकात आहे तोवर हा माणूस ह्या घरात सुखाने बसू शकणार नाही, हे मला कळलं होतं, आणि मला खाट परत हवी होती. म्हणून मी काही केलं नाही. काही न करण्यातही मेहनत असते. मी ती केली.

दिवाळी झाल्यावर त्याने विचारलं. मी तव्यावर बांगडे टाकत होते. पाठ फिरवूनच म्हटलं, प्रकाशक नाही म्हणाले, आता जमणार नाही.

"हकडे तोंड करून सांगा."

मी वळले आणि पुन्हा तेच सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, "बरां."

त्याच आठवड्यात त्याने मरोळला, एका छोट्या कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. मुलीलाही घेऊन गेला. दहावीचं वर्ष आहे, निदान परीक्षेपर्यंत तिला राहू द्या, असं मी म्हटलं, रडून म्हटलं. नवरा त्या दिवशी बाजारात गेला नाही, तोही म्हणाला. दिराने मुलीला विचारलं. ती बापाची ट्रंक भरत होती. शाळेपर्यंत बस आहे, एवढंच म्हणाली.

खाट मला मिळाली. पुढच्या खोलीत उजेड चांगला होता. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी टोमणे मारत नव्हतं, आणि त्या हिवाळ्यात माझी सगळी कामं उशिराने गेली.

मुलगी पास झाल्यावर पेढे घेऊन आली. काकांच्या पाया पडली, माझ्याही पडली, पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसली. मराठीत चांगले मार्क होते. मी विचारलं, निबंध कोणता लिहिलास? तोच आला होता ना?

"आला होता. तोच लिहिला. पाठ होता."

तिने पेढ्याचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"शेवट नाही लिहिला, काकी. वेळ होता."

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकांना कार्ड टाकलं. आठवड्याने उत्तर आलं. आवृत्ती निघतेच आहे, नवा शेवट पाठवून द्या, शाळा आता तशा कुरकुरत नाहीत. इतकंच. एका कार्डाचं काम होतं.

नवा शेवट मला जमेना. दारू काढली की तिथे भोक पडत होतं आणि मुदत होतीच. शेवटी मी लिहिलं की कामगार रोज सकाळी पाळीच्या वेळेला उठतो, दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि बसून राहतो. बोध घातला नाही. छापून आल्यावर लक्षात आलं, हेही त्याचंच घेतलं, आणि ह्या खेपेला विचारलंसुद्धा नव्हतं.

प्रत घेऊन मी मरोळला गेले. गेटच्या आतच पत्रा कापायचं मशीन चालू होतं, घणाघण. दीर खाकी शर्टात स्टुलावर बसलेला, दाढी घोटून केलेली. उठून उभा राहिला. थोरली भावजय आली म्हणून उठला, बाकी चेहऱ्यावर काही नव्हतं. मी पुस्तक पुढे केलं, ते पान उघडून. त्याने उभ्यानेच वाचलं. बराच वेळ. नंतर पुस्तक मिटून माझ्या पिशवीत परत ठेवलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. त्याने बोटाने माझ्या ओठांकडे खूण केली, बोला, मला कळतंय. आजूबाजूला दोन-तीन कामगार होते; त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं. म्हणून मी बोलू शकले. आवाज न काढता म्हटलं, मी तेव्हा विचारलंच नव्हतं. प्रकाशकांनी नाही म्हटलं नव्हतं. तुम्ही जावं म्हणून मी विचारलं नाही.

त्याने सगळं वाचलं. पापणी हलली नाही. मग त्याचे ओठ हलले. तीन-चार शब्द असतील, सावकाश, स्पष्ट, दोन रांगा पलीकडच्या माणसाला सांगावेत तसे. आवाज नव्हता. मला काही कळलं नाही. पुन्हा सांगा म्हणायची हिंमत झाली नाही. मी मान हलवली, कळल्यासारखी. त्याने गेटाची कडी काढून मला वाट करून दिली.

टायपिंग शिकले, गुजराती शिकले, अभ्यासक्रम बदलेल तसे शिकतच राहिले. गाइड अजून निघतं. पैसे दरवर्षी येतात, मी झोपलेली असले तरी.

त्या दिवशी बसस्टॉपवर उभी राहून मी त्याने हलवले तसे ओठ हलवून बघत होते. आधी असे मिटले, मग थोडे उघडले, मग पुढे आले. काहीच जुळेना. शेजारी उभी असलेली बाई माझ्याकडे बघून जरा लांब सरकली.